दहावं नाव

कोरमंगलात एखादी कंपनी बंद पडली की मालक पहिला फोन वकिलाला करतो आणि दुसरा मला. मी वापरलेल्या ऑफिस-खुर्च्या, टेबलं, कपाटं घेते आणि दोन गल्ल्या पलीकडे नव्याने सुरू होणाऱ्या कंपनीला विकते. काही खुर्च्या तर तीन-तीनदा माझ्या हातातून गेल्या आहेत. माझं तोंड फटकळ आहे, राग नाकावर असतो आणि सौद्यात मी सहसा हरत नाही. ही बढाई नाही. एवढं माहीत नसेल तर पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगितलं. एका बाईपुढे मात्र मी हरले, आणि ते अकरा वर्षं मनात धरून बसले.

त्यांना आम्ही अक्का म्हणायचो. के. आर. पुरमच्या मुलींच्या बालगृहाच्या त्या अधीक्षिका. मूळच्या बेळगावच्या. चार मुलींत उठून दिसेल अशी उंची, सुती साडी, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि बारा महिने काखेत काळी छत्री. ती छत्री उघडलेली मी नऊ वर्षांत पाहिली नाही. भर पावसात त्या छत्री काखेत धरून भिजत यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "भिजली की काड्या गंजतात."

बालगृहात येण्याआधी त्या एका सरकारी कारखान्यात मालाच्या तपासणीवर होत्या. वीस वर्षं त्यांनी यंत्रांचे सुटे भाग हातात घेऊन, डोळ्यांजवळ धरून, नापास केले होते. कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती दिली, पण ती नजर काही निवृत्त झाली नाही. पोळी ताटात पडली की त्या आधी उजेडात धरायच्या. नवी मुलगी आली की तिलाही तसंच, हनुवटीला हात लावून, उजेडात बघायच्या.

मलाही बघितलं होतं. मी नऊ वर्षांची होते. आई वारलेली, बाप सर्जापूर रोडला इमारतींवर गवंडीकाम करायचा. एके दिवशी त्याने मला के. आर. पुरमच्या फलाटावर बसवलं, "इथंच बस, आलो" म्हणाला आणि गेला. तीन दिवस मी तिथे होते. लोक माझ्या पिशवीला वळसा घालून जात होते. तिसऱ्या दिवशी रेल्वे पोलिसातल्या एका बाईंनी विचारपूस केली, बालकल्याण समितीपुढे नेलं आणि समितीने बालगृहात पाठवलं. अक्कांनी मला उजेडात धरलं आणि माझं मराठी ऐकून म्हणाल्या, "निपाणीकडची की काय ग? तीन दिवस कुणीच विचारलं नाही?"

"नाही."

"बरं. ते आपण दुरुस्त करू."

मला वाटलं, त्या माझ्या बापाला शोधणार. तेही त्यांनी केलं. समितीची पत्रं गेली, इमारतीवर माणूस जाऊन आला, पण बाप सापडला नाही. दुरुस्त करू म्हणजे त्यांना भलतंच म्हणायचं होतं, हे कळायला मला तीन-चार वर्षं लागली.

इतर बालगृहांत काय असतं ते आमच्याकडेही होतं. शाळा होती, डॉक्टर होते, आधार कार्डापासून बँकेच्या खात्यापर्यंत सगळे कागद अक्कांनी धावपळ करून काढून दिले होते. पण त्यांना त्यात समाधान नव्हतं. म्हणायच्या, "डब्यात ठेवलेली वस्तू खराब होत नाही, खरंय. पण ती कुणाच्या लक्षातही राहत नाही. अठरा वर्षं झाली की डबा उघडायचा आणि पोरीला रस्त्यावर ओतायचं, ही कसली रीत?"

म्हणून त्यांनी स्वतःची रीत काढली होती. प्रत्येक मुलीच्या नावाची एक शंभर पानी वही होती. अठरा पूर्ण होईपर्यंत त्या वहीत दहा नावं व्हायला हवीत. दहा बाहेरची माणसं, जी त्या मुलीला नावाने ओळखतात आणि ती दिसली नाही तर चौकशी करतील अशी. बालगृहातलं कुणी चालायचं नाही. देणगी देणारे चालायचे नाहीत. ज्याचं नाव वहीत येई त्याच्या घरी अक्का स्वतः जायच्या, पाणी मागून प्यायच्या आणि घर, माणूस, बायकापोरं सगळं उजेडात धरून परत यायच्या. कितीतरी नावं त्यांनी अशी नापास केली.

माणसं मिळवायची त्यांची युक्ती मला आजही उपयोगी पडते. बाराव्या वर्षापासून आम्हाला दोघी-दोघींना खरेदीला पाठवायच्या. वस्तू आणली की त्यात त्यांना खोट सापडायचीच. मग फर्मान सुटायचं, "परत कर."

मी पहिल्यांदा कोथिंबीर आणली तेव्हा त्यांनी जुडी सोडली, दोन पिवळ्या काड्या काढून माझ्यासमोर धरल्या. परत कर. मी मुनियप्पाच्या हातगाडीवर गेले. मुनियप्पा म्हणजे आमच्या रस्त्यावरचा भाजीवाला, कानावर बिडी, पोट हातगाडीला टेकलेलं.

"दोन काड्यांसाठी परत?" तो कन्नडमध्ये ओरडला. "तुमची अक्का काय कोथिंबीर मोजून खाते?"

"तिला विचारा. मला दुसरी जुडी द्या."

"देत नाही."

"मग इथंच उभी राहते."

मी उभी राहिले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पिवळ्या काड्या दाखवल्या. मुनियप्पाने कपाळाला हात लावला आणि दुसरी जुडी दिली. पुढच्या आठवड्यात टोमॅटो परत केले, त्यानंतर वांगी. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "आधी तुझं नाव सांग ग, जगळगंटी." जगळगंटी म्हणजे भांडकुदळ. मी नाव सांगितलं. घरी येऊन हे अक्कांना सांगितलं, तर त्यांनी माझी वही काढली आणि पहिल्या ओळीवर लिहिलं: मुनियप्पा, भाजी.

"घेताना गिऱ्हाइकाचं तोंड कुणी बघत नाही," अक्का म्हणाल्या. "परत करायला आलं की बघतात."

तेव्हा मला समजलं की मी कोथिंबिरीसाठी गेलेच नव्हते.

संस्थेच्या एका विश्वस्तांना हे बिलकूल पसंत नव्हतं. मी फातिमाबी टेलरबाईंशी ब्लाउजच्या बाहीवरून भांडले, ते त्यांच्या कानावर गेलं. ते गाडी घेऊन आले आणि अक्कांना म्हणाले, मुली रस्त्यावर भांडतात, शोभतं का? अक्का म्हणाल्या, "भांडण झालं म्हणजे ओळख झाली. दोन वर्षांत जिचं कुणाशी भांडण नाही, त्या मुलीची मला काळजी वाटते." विश्वस्त चहा न घेताच गेले. फातिमाबी माझ्या वहीत दुसऱ्या ओळीवर आल्या.

वाढदिवसवाल्यांची तर त्या खोडच मोडायच्या. सर्जापूर रोडच्या सोसायट्यांतून लोक आपल्या मुलांचे वाढदिवस करायला आमच्याकडे यायचे. केक कापायचे, आमच्यासोबत फोटो काढायचे आणि जायचे. एकदा एक नवराबायको दोन मजली केक घेऊन आले. अक्कांनी केक आत पाठवला, वाटला, सगळ्यांचं खाऊन झालं आणि मग त्यांच्या अफाट हिंदीत म्हणाल्या, "अगली बार खाली हाथ आना."

बाई गोंधळल्या. "मतलब?"

"मतलब केक नहीं, फोटो नहीं. आके बैठना. इसको गणित नहीं आता." आणि छत्रीचं टोक माझ्याकडे केलं.

मला इतका संताप आला की मी चार दिवस अक्कांशी बोलले नाही. पण ती बाई खरंच रिकाम्या हाताने आली. दोन वर्षं दर शनिवारी येत राहिली. माझ्या वहीत तिचा नंबर पाचवा. आजही एखादा हुशार पोरगा मला टक्केवारी सांगून गुंडाळायला बघतो तेव्हा मला तिचीच आठवण येते.

एवढी सगळी नावं जमली तरी अक्का तपासल्याशिवाय माल गेटबाहेर सोडत नव्हत्या. अठरा पूर्ण होण्याआधीच्या दसऱ्याच्या सुट्टीत मुलीची परीक्षा व्हायची. चार दिवस तिने बाहेर कुणाच्याही नजरेला पडायचं नाही. अक्का गेटपाशी स्टुलावर वही घेऊन बसायच्या आणि जो विचारायला येईल त्याच्या नावापुढे खूण करायच्या.

माझ्या परीक्षेचे ते चार दिवस मी वरच्या खिडकीच्या गजांना चिकटून काढले. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. फलाट आठवला. तीच पिशवी, तोच वळसा. रात्री जेवले नाही, तर अक्का म्हणाल्या, "जेव की. उद्या कुणी आलं तर तू सुकलेली दिसशील." दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावरून मुनियप्पाचा आवाज आला, "आ जगळगंटी एल्ली?" ती भांडकुदळ कुठाय? दोन दिवस कुणी काही परत करायला आलं नाही, म्हणून तो हातगाडी सोडून आला होता. मग फातिमाबी आल्या. रद्दीवाला सेल्वम आला, जुन्या पेपरच्या भावावरून माझ्याशी दर महिन्याला हुज्जत घालणारा. गणितवाल्या बाई आल्या. चौथ्या संध्याकाळी अक्कांनी वही मिटली. नऊ खुणा होत्या. मुळात नावंच नऊ होती.

मी वही घेतली आणि दहाव्या ओळीवर लिहिलं: अक्का.

त्यांनी ते वाचलं. लाल पेनने त्यावर सरळ एक रेघ मारली. कारखान्यात नापास मालावर मारत असतील तशी.

"मला धरायचं नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

"नियम आहे."

"मग अर्धी धरा. साडेनऊ."

"अर्धं माणूस चौकशीला कसं येणार ग?"

मी खूप घासाघीस केली. पाव माणूस धरा म्हटलं. एका वर्षापुरतं धरा म्हटलं. पुढे आवाज चढला. मी म्हटलं, नऊ वर्षं तुमच्या हातचं जेवले आणि तुम्ही मला दाखवायला एक ओळ देत नाही? अक्का वही माझ्या हातात देऊन उठल्या. "नऊवर जा. दहावं बाहेर शोध."

दहा नावांवर गेलेल्या मुलींना निघताना अक्का स्वतःच्या हाताने होळिगे, म्हणजे पुरणपोळी, करून वाढायच्या. मलाही वाढली. मी ती खाल्ली नाही. त्यानंतर तिथे पाय ठेवायचा नाही, असं ठरवून गेटबाहेर पडले. खरंच ठेवला नाही.

वही मात्र टाकली नाही. फातिमाबींनी वरची खोली दिली. सेल्वमने गोदामात कामाला ठेवलं. तिथेच भंगारात आलेली एक मोडकी चाकांची खुर्ची मी दुरुस्त करून विकली, आणि धंद्याचा सूर सापडला. दुसऱ्या वर्षी कोरमंगलात एका पीजीमध्ये राहायला गेले, दसऱ्यात सगळ्या मुली गावी गेल्या आणि मी तापाने फणफणले. पाण्यापर्यंत हात पोचेना. दुसऱ्या दिवशी खाली आरडाओरडा ऐकू आला. पीजीचा मालक पुरुषांना वर सोडत नव्हता आणि सेल्वम त्याला सांगत होता की ती कामाला आली नाही म्हणजे मेलीच असणार, नाहीतर भांडायला तरी आली असती. त्यानेच मला इस्पितळात नेलं. डेंगी होता. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं.

आठवडाभर माझ्या खाटेभोवती वहीतली माणसं येत होती. मी दाराकडे बघत होते. अक्का आल्या नाहीत. मनातली ती लाल रेघ तेव्हा आणखी जाड झाली.

सहा वर्षांपूर्वी अक्का निवृत्त झाल्या आणि बालगृहापासून दोन रस्त्यांवर एका खोलीत राहू लागल्या. हे मला मुनियप्पा सांगायचा, न विचारता. मी ऐकायचे, न ऐकल्यासारखं करून.

गेल्या महिन्यात, मंगळवारी दुपारी, मी एका बंद पडलेल्या कंपनीत साठ खुर्च्यांचा सौदा ऐन रंगात आणला होता, तेवढ्यात त्याचा फोन आला. अक्का तीन दिवस कोथिंबीर न्यायला आल्या नव्हत्या. दार बंद होतं. हाक मारली तर उत्तर नव्हतं.

मी सौदा तिथेच टाकला. समोरचा माणूस "मॅडम, चला तुमचाच भाव" म्हणत जिन्यापर्यंत मागे आला. मला ऐकू येत होतं, कळत नव्हतं.

पोचले तर जिन्यात पाय ठेवायला जागा नाही. मुनियप्पा होता. फातिमाबी गुडघे धरून पायरीवर बसल्या होत्या. बालगृहाची जुनी स्वयंपाकीण, माझ्या आधीच्या आणि नंतरच्या पाच-सहा मुली, एकीच्या कडेवर मूल. सगळे एकदम बोलत होते. दाराला लॅच, त्यामुळे माणूस आत आहे की बाहेर ते कळायला मार्ग नाही. वरच्या झरोक्यातून दिसत होतं की भर दुपारी आत दिवा जळतोय. बालगृहात एकदा दिवा चालू राहिला म्हणून अक्कांनी आम्हाला रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास उभं केलेलं होतं. मी त्यांचा नंबर लावला. माझ्या फोनमध्ये तो होता. अकरा वर्षांत एकदाही लावला नव्हता.

फोन आतमध्ये वाजला.

फोन वाजत राहिला, थांबला. फातिमाबींनी पदर तोंडाला लावला. मी खाली माझ्या मालाच्या टेम्पोकडे धावले, पहार आणली, आणि दार फोडता फोडता शिव्या देत होते. लॅचला, दाराला, अक्कांना. "एवढे नापास मागे टाकून मरायची घाई होती का?" असंही काहीतरी बोलले म्हणतात. लॅच तुटून आत पडलं.

खोली रिकामी होती. पलंगावर नीट घडी केलेलं पांघरूण, त्यावर फोन. मोरीत पाहिलं, स्वयंपाकाच्या ओट्यामागे पाहिलं. कुणी नाही. छत्रीही नाही. छत्री नाही हे लक्षात आलं. मी तिथेच फरशीवर बसले, कारण छत्री नाही म्हणजे बाई चालती-फिरती बाहेर आहे.

खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मग जिन्यातून तो आवाज, "काय रे मुनियप्पा, कोण मेलं?"

पाठच्या भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तीन दिवसांपूर्वी पहाटेच्या गाडीने बेळगावला गेल्या होत्या. घाईत फोन विसरला, दिवा विसरला. अक्का दारात उभ्या राहिल्या, लॅच उचलून उजेडात धरलं. "नवं होतं," म्हणाल्या.

"सांगून जाता येत नाही?" मी ओरडले. "आम्ही चार तास दिसलो नाही तर वही काढायचात!"

"कुणाला सांगू?"

"कुणाला म्हणजे? जिना बघा!"

त्या वळल्या. पायरीपायरीवर माणसं होती. अक्का खूप वेळ बघत राहिल्या, एकेकाकडे, ओळीने. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला कुठं वाटलं ग, कुणी येईल. माझ्या साऱ्या ओळखी नोकरीतल्या. नोकरी सुटली की त्या सुटल्या, असं धरून होते मी."

उभ्या जन्मात त्यांनी तपासणीत चूक केलेली मी पाहिली नव्हती. ही एवढी ढोबळ चूक बघून माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

चहा झाला, माणसं पांगली, मी मागे राहिले. लॅच बसवायला माणूस बोलावला होता, ते निमित्त. मग विचारून टाकलं. "इस्पितळात का आला नाहीत?"

"सेल्वम पोचला होता ना? चालू यंत्रात हात घालत नाहीत. मुनियप्पाला रोज विचारत होते, ताप किती, खाल्लंस काय."

"आणि रेघ? रेघ का मारली?"

अक्कांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी अजून नऊ वर्षांचीच आहे. "तुझी चौकशी करायचा मला पगार होता ग. पगार असताना केलेली चौकशी कशी धरायची? उद्या पगार थांबला आणि मी थांबले तर? तुझ्या वहीत एक खोटं नाव राहिलं असतं."

हे त्या तेव्हाच बोलू शकल्या असत्या. मी तसं म्हटलंसुद्धा. त्या म्हणाल्या, तेव्हा बोलले असते तर तू पगारावर घासाघीस सुरू केली असतीस. ते मात्र खरं होतं.

माझी वही टेम्पोत असते. ती आणून मी त्यांच्यासमोर ठेवली. दहावी ओळ तशीच होती, लाल रेघेखाली. मी तिथे दुसरं नाव कधी लिहिलंच नव्हतं.

अक्कांनी चष्मा लावला. "पगार थांबून सहा वर्षं झाली," म्हणाल्या. "आता धरायला हरकत नाही. पेन दे."

मी वही ओढून घेतली. "असं कसं? तपासल्याशिवाय?"

मी जिना उतरले.

बुधवारी मी माझ्या गोदामातून हलले नाही. मुनियप्पाचा फोन घेतला नाही, कामगारांना सांगून ठेवलं की मी कुठे आहे ते कुणाला सांगायचं नाही. चार दिवस काढायची तयारी होती. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास गेटवर छत्रीची ठकठक ऐकू आली आणि माझा माणूस कुणाला तरी मॅडम नाहीत, मॅडम नाहीत असं सांगू लागला. मी खुर्च्यांच्या चळतीमागे होते.

"नाहीत म्हणजे? दोन दिवस झाले," तो आवाज म्हणाला. "आ जगळगंटी एल्ली?"

मी लगेच उठले नाही. एक चांगली खुर्ची ओढली, तिच्यावर बसले आणि त्यांना अजून एकदा विचारू दिलं.